भरतीचे तक्ते

गणन विभागात बायका आठ आणि ही सगळ्यांत शेवटी आलेली, म्हणून तिला सगळ्या ‘धाकटी’ म्हणायच्या. पुढे ती पन्नाशीला आली, केस पिकले, हाताखाली बारा माणसं आली, तरी ते नाव काही सुटलं नाही. आली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

बंदराच्या कचेरीत दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली होती, तोच गणन विभाग. तीन मोठ्या खिडक्या आणि तिन्हींतून समुद्र दिसायचा. पण टेबलं अशी मांडलेली की सगळ्यांची पाठ खिडकीकडे. पहिल्याच दिवशी धाकटीने विचारलं, “असं का?”

“पाण्याकडे बघत बसलं की पाण्याचं गणित चुकतं,” मोठ्या बाई म्हणाल्या.

मोठ्या बाई म्हणजे विभागाच्या प्रमुख. उंच, सडपातळ, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी नुसतं मान वळवून बघितलं तरी खोलीतल्या गप्पा जागच्या जागी थिजायच्या.

काम असं की, बंदरात पाणी कुठल्या दिवशी, किती वाजता, किती चढणार आणि किती उतरणार, याचं वर्षभराचं पुस्तक आधीच तयार करायचं. चंद्र पाणी ओढतो हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण सूर्यही ओढतो, चंद्राची वाट कधी जवळून कधी लांबून जाते, बंदराचा तळ कुठे उथळ तर कुठे खोल. अशा तीस-पस्तीस लहानमोठ्या लाटांची बेरीज केली की एका वेळचं पाणी मिळायचं. मग पुढच्या वेळचं. मग त्याच्या पुढचं. वर्षभराचं. प्रत्येकीपुढे एक हँडलचं गणकयंत्र. आकडे लावायचे, हँडल फिरवायचं, घंटी वाजली की उतरवून घ्यायचं. आठ यंत्रांची ती कर्रकर्र जिन्यापासून ऐकू यायची. प्रत्येक बेरीज दोघीजणी वेगवेगळ्या करायच्या आणि शेवटी ताडून बघायच्या. आठजणींना एका वर्षाच्या पुस्तकाला पाच महिने लागायचे.

धाकटीला त्या पुस्तकाची किंमत घरातूनच ठाऊक होती. तिचे बाबा बंदरातले पायलट, म्हणजे बाहेरून आलेल्या जहाजावर चढून त्याला आत आणणारे. बंदराच्या तोंडाशी वाळूचा मोठा बांध होता. भरलेलं जहाज त्याच्यावरून कधी न्यायचं आणि कधी थांबायचं, हे बाबा त्या निळ्या पुस्तकात बघायचे. पुस्तक त्यांच्या खिशात असायचं, खाऱ्या हवेने फुगून पावासारखं झालेलं. लेक त्या खोलीत लागली तेव्हा बाबांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं, “आता आमचं पाणी घरीच शिजतं.”

दोन वर्षं अशी गेली. मग एके दिवशी जिन्यावरून बातमी आली की कचेरीत विजेचं गणकयंत्र येणार. वर्तमानपत्रात त्याला ‘विजेचा मेंदू’ म्हटलं होतं.

“मेंदू येतोय म्हणे,” खिडकीजवळची जाडजूड, हसरी बाई म्हणाली. “मग आपली डोकी कुठे ठेवायची?”

सगळ्या हसल्या, पण हसू फार टिकलं नाही. एकीचा नवरा अंथरुणाला खिळलेला, एकीवर दोन लहान बहिणी. मोठ्या बाईंनी कुणाला धीर दिला नाही, की कुणाला घाबरवलं नाही. दुपारी त्यांनी धाकटीला टेबलाशी बोलावलं.

“खाली मशीन बसलं की एकीने तिथे जाऊन शिकायचं, असं मी संचालकांना कळवलंय. तू जा.”

“मी? बाई, मला विजेतलं काही कळत नाही. घरचा दिवा गेला तरी बाबाच बघतात.”

“तुझी बोटं चालतात आणि तोंड कमी चालतं. तेवढं पुरे.” मग त्या म्हणाल्या, “आपल्यातली एक तिथे असली पाहिजे. ते मशीन काय करतं हे आपल्याला दुसऱ्याच्या तोंडून कळता कामा नये.”

मशीन आलं ते सत्तावन्न खोक्यांतून. तळमजल्यावरची भिंत पाडावी लागली. खोकी उघडून, जोडून, तारा ओढून ते उभं राहायला चार महिने लागले. लोखंडी कपाटांची एक रांग भिंतीला, दुसरी तिच्या समोर, मध्ये जेमतेम दोन माणसं जातील एवढी वाट. कपाटांत काचेचे व्हॉल्व्ह, तेव्हाच्या रेडिओत असायचे तसलेच, पण दोन हजारांवर. चालू केलं की सगळे नारिंगी उजळायचे आणि खोली भट्टीसारखी तापायची. कडाक्याच्या थंडीतही खिडक्या सताड उघड्या. वरच्या मजल्यावरच्या बायका आधी लांबूनच डोकावून गेल्या. पण आठवड्याभरात हात शेकायला येऊ लागल्या आणि एकीने तर ओली छत्री कपाटावर वाळत घातली.

मशीनबरोबर एक इंजिनिअर आला होता. तिशी ओलांडलेला, कायम बाह्या दुमडलेल्या, शर्टाच्या खिशात स्क्रूड्रायव्हर. दिवसाकाठी दोन-तीन व्हॉल्व्ह जायचेच. मग हा पेन्सिलीच्या मागच्या रबराने एकेका व्हॉल्व्हवर टकटक करत फिरायचा. जो ठोकल्यावर फडफडला तो काढायचा, नवा बसवायचा. वरच्या बायकांनी त्याचं नाव ‘दिवेवाला’ ठेवलं. त्याला ते कळलं आणि आवडलंही. धाकटीला मात्र नुसतं ‘धाकटी’ म्हणणं त्याला जड जायचं. कचेरीतली बाई, एकेरी हाक कशी मारायची? म्हणून तो ‘धाकट्या बाई’ म्हणायचा. वर हे ऐकून हसून हसून पुरेवाट झाली.

धाकटीचं काम कागदी फितीवर भोकं पाडायचं. टाइपरायटरसारखं एक यंत्र होतं. कळ दाबली की खट् आवाज होऊन फितीवर भोकांची एक ओळ उमटायची. ती फीत मशीनला वाचायला दिली की मशीनला आकडे कळायचे आणि त्यांचं काय करायचं हेही कळायचं. पहिल्या महिन्यात तिची बोटं सुजली. तिसऱ्या महिन्यात तिला फीत उजेडाकडे धरून वाचता येऊ लागली, आपण छापलेलं वाचतो तशी.

दिवेवाल्याने मशीनला एक स्पीकर जोडला होता. आत गणित चालू असलं की त्यातून आवाज यायचा. साध्या बेरजांची गुणगुण, गुणाकाराची घरघर, आणि मशीन कुठे अडकलं की एकसुरी शिट्टी. भरती-ओहोटीचं गणित लावलं की तो आवाज सावकाश वर चढायचा, थबकायचा, सावकाश उतरायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा धाकटीची बोटं कळांवरच थांबली.

“हे मुद्दाम केलंय का तुम्ही?” तिने विचारलं.

“नाही हो. गणितच तसं आहे,” दिवेवाला म्हणाला. त्याचाही चेहरा उजळला होता. “मीही आत्ताच ऐकतोय.”

मग परीक्षेची वेळ आली. पुढच्या वर्षाचं पुस्तक दोन्हीकडे करायचं ठरलं. वर सातजणी हाताने करणार, खाली मशीन करणार, आणि दोन्ही ताडून बघणार. वर पाच महिने लागले. खाली, मधले बिघाड सोडले तर, एकूण अकरा तास. छापयंत्र फीत वाचून कागदावर आकडे धडाधडा उमटवत होता, आणि मोठ्या बाई हाताची घडी घालून बघत उभ्या होत्या. जाताना त्यांनी मशीनच्या कपाटावरून एकदा हात फिरवला, एखाद्याच्या लेकराच्या डोक्यावरून फिरवावा तसा.

आकडे ताडले. जानेवारी जुळला. फेब्रुवारी जुळला. ऑगस्टपर्यंत सगळं तंतोतंत. सप्टेंबर जुळेना. पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबर बरोबर. सप्टेंबरात मशीनची भरती कमी चढायची आणि ओहोटी कमी उतरायची. मोठ्या ओहोटीला तर मशीन हाताच्या आकड्यांपेक्षा वीतभर जास्त पाणी दाखवत होतं.

“बायकांकडून चुकलं असेल,” संचालक म्हणाले. ते नव्याने आलेले, मशीनच्या उद्‌घाटनाला फीत त्यांनीच कापलेली. “मशीन दमत नाही. पुन्हा करायला सांगा.”

सातजणींनी सप्टेंबर पुन्हा केला. जोड्या बदलून केला. आकडे तेच आले.

आता दिवेवाल्याची पाळी. त्याने एकूणएक कपाट उघडलं. तीन आठवडे तो मशीनच्या पोटात डोकं घालून होता. गाल आत गेले, दाढी वाढली. कंपनीला पत्रं गेली. मशीन परत पाठवायचं का, अशी कुजबुज सुरू झाली. वर मात्र जरा जिवात जीव आला होता. हसरी बाई तर उघड म्हणाली, “मेंदूला सप्टेंबर सोसला नाही.”

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मोठ्या बाई कुणाला उद्देशून नाही, अशा सहज बोलून गेल्या, “एक कळत नाही. बिघाड असेल तर तो महिना बघून कसा येतो? एक तारखेला सुरू होतो आणि तीसला थांबतो.”

धाकटीचा घास हातातच राहिला. चंद्राची वाट सावकाश सरकत असते, म्हणून त्या गणितात दर महिन्याला एक दुरुस्तीचा आकडा बदलायचा. बारा महिन्यांचे बारा आकडे. ते बारा आकडे फितीवर तिनेच मारले होते.

ती तडक खाली गेली. दिवेवाला सुटे भाग आणायला गेला होता. तिने डब्यातून फीत काढली, खिडकीशी उभं राहून सरकवत सप्टेंबरवर आणली आणि उजेडाकडे धरली. वरून आलेल्या आकड्यांच्या कागदावर होतं नऊ-आठ-सात. फितीवर होतं आठ-नऊ-सात.

तिने पुन्हा वाचलं. पुन्हा वाचलं. मग फीत गुंडाळली आणि आपल्या खणात, रुमालाखाली ठेवली.

दोन दिवस ती तशीच वावरली. कुणी हाक मारली की दचकायची. मनात हजार विचार. नवी फीत मारून गुपचूप बदलली तर? आकडे जुळतील, सगळे म्हणतील एखादा व्हॉल्व्ह सैल होता, तो आता बसला. कुणाला कळणार आहे? पण मग दिवेवाला? त्याला जन्मभर वाटत राहील की आपल्या मशीनमध्ये कुठेतरी एक भूत आहे. आणि खरं सांगितलं तर? मोठ्या बाईंनी विश्वासाने पाठवलं होतं. वरच्या बायकांची नाकं कापली जाणार, ती वेगळीच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी बूट काढता काढता विचारलं, “यंदा तुमचं पुस्तक कुठे अडलंय? आमचे लोक विचारतात.”

“ताडून बघणं चाललंय.”

“बघा बाई, नीट बघा. संचालक म्हणे मशीनचे आकडे तसेच छापायला देणार सोमवारी. मला काय, कुणाचेही चालतील. बरोबर असले म्हणजे झालं.” आणि ते हात धुवायला निघून गेले.

वीतभर. बाबा वाळूवरून जहाज नेताना त्याच्या तळाखाली हातभर पाणी राखतात, हे तिला ठाऊक होतं. त्यातली वीत कागदावरच खोटी होती. तिला जेवण गेलं नाही.

सकाळी ती कचेरी उघडण्याआधीच जिन्यात उभी होती. मोठ्या बाई आल्या तशी तिने फीत पुढे केली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. सांगता सांगता रडूही आलं. मोठ्या बाईंनी फीत घेतली नाही.

“किती दिवस झाले कळून?”

“दोन.”

“हं.” त्यांनी जिन्याच्या कठड्याला हात टेकला. “आकडा उलटा पडणं ही काही चूक नव्हे. माझ्याही हातून पडलाय. खणात ठेवलास ती चूक. पण ते मला कशाला सांगतेस? तीन आठवडे तो माणूस स्वतःला खातोय. त्याला सांग.”

दिवेवाला तिसऱ्या कपाटाशी उकिडवा बसला होता. धाकटीने फीत त्याच्यासमोर धरली आणि बोट दाखवलं. त्याने वाचली. कागद मागवला, ताडला. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. धाकटीने डोळे मिटून घेतले. आता काय ऐकावं लागणार, कोण जाणे.

“म्हणजे,” दिवेवाला हळूच म्हणाला, “म्हणजे मशीन बरोबर होतं?”

“हो.”

“सगळं बरोबर होतं? पहिल्यापासून?”

“हो हो. चूक माझी होती.”

तो उठला. त्याने स्क्रूड्रायव्हर टेबलावर फेकला, दोन्ही हातांनी कपाट थोपटलं आणि लहान मुलासारखा हसत सुटला. “धाकट्या बाई, अहो, बरोबर होतं! माझं मशीन बरोबर होतं!” रागवायचं असतं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. ते त्याला आठवलं चार दिवसांनी, आणि तेव्हा तो जो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही, तो नाही.

संचालकांपुढे तिघं मिळून गेली. संचालकांनी विचारलं, “चूक कुणाची?”

“आमची,” दिवेवाला म्हणाला.

“आमची म्हणजे?”

“मशीन, मी आणि धाकट्या बाई. आम्ही एकत्र काम करतो.”

धाकटी तोंड उघडणार, तेवढ्यात मोठ्या बाई पुढे झाल्या. “साहेब, वर आमच्याकडे कुठलीही बेरीज एकीच्या भरवशावर सोडत नाहीत. दोघी करतात. खाली एकाच पोरीने फीत मारली आणि ती कुणी तपासलीच नाही. मशीनला जे द्याल ते ते खाईल. तेव्हा यापुढे प्रत्येक फीत दोघींनी वेगवेगळी मारायची आणि ताडून मगच मशीनला द्यायची. आकडे तयार करायला दोघी, फितीला दोघी, आलेलं तपासायला दोघी. त्याहून कमीत भागायचं नाही.”

संचालकांनी दिवेवाल्याकडे बघितलं. दिवेवाल्याने मान डोलावली. “मी तेच म्हणणार होतो,” तो म्हणाला. खरं तर त्याच्या डोक्यातही नव्हतं.

बाहेर आल्यावर धाकटीने बोटांवर मोजलं. दोन, चार, सहा. आठातल्या सहाजणी खाली जाणार होत्या. सातवी हसरी बाई, तिला लग्न करून दुसऱ्या गावी जायचंच होतं. आणि आठव्या मोठ्या बाई.

“तुम्ही?” तिने विचारलं.

“मला ती उष्णता सोसायची नाही,” मोठ्या बाई म्हणाल्या. वर्षभर त्या वरच बसून तपासणीचे कागद बघत राहिल्या आणि मग मुदतीआधीच निवृत्त झाल्या. आठ हँडलची यंत्रं एका हातगाडीवरून गेली. खोलीत नकाशांची कपाटं आली.

त्यानंतर धाकटीने त्या तळमजल्यावर चौतीस वर्षं काढली. तिच्या डोळ्यांदेखत ती कपाटं आटत गेली. व्हॉल्व्हचं मशीन बारा वर्षं चाललं. त्याच्या जागी आलं ते ट्रान्झिस्टरचं, चौथाई जागेत मावणारं, गार आणि मुकं. त्याला स्पीकर जोडायची गरजच नव्हती, समोरच्या दिव्यांवर सगळं कळायचं. पहिला महिनाभर धाकटीला खोलीत कुणी गेल्यासारखं वाटत राहिलं. जुनं मशीन बंद केलं त्या दिवशी सगळ्याजणी जमल्या होत्या. हसरी बाई तर पदरी दोन मुलं घेऊन गाडीने आली. दिवेवाल्याने भरतीचं गणित शेवटचं लावलं, ते उभ्याउभ्या ऐकलं सगळ्यांनी, आणि मग त्याने एकेक कपाटाचा खटका खाली ओढला. नारिंगी उजेड लगेच गेला नाही. निवत निवत गेला. प्रत्येकीने एकेक व्हॉल्व्ह मागून घेतला. दिवेवाला पुढच्याच महिन्यात दूरच्या डोंगराळ भागातल्या आपल्या गावी, कॉलेजात शिकवायला गेला.

फिती गेल्या, पुठ्ठ्याची कार्डं आली. कार्डं गेली, पडदे आले. एका वर्षाच्या पुस्तकाला आठजणींना पाच महिने लागायचे, त्याचं आता चहा गार व्हायच्या आत उत्तर मिळू लागलं. धाकटीचं लग्न झालं, दोन मुलं झाली, बाबा गेले, नवऱ्याने निवृत्त होऊन बागकाम धरलं. नवी पोरं कामाला आली, चटपटीत, हुशार. त्यांना तिने फीत उजेडाकडे धरून वाचून दाखवली की ती जादूचा खेळ बघितल्यासारखी टाळ्या वाजवायची. त्यांचं कौतुक तिला आवडायचं आणि घरी आल्यावर उगाच उदासही वाटायचं.

नवं पुस्तक छापून आलं की पहिली प्रत ती दरवर्षी मोठ्या बाईंना नेऊन द्यायची. मोठ्या बाई आता भाचीकडे राहायच्या. टेकडीवरचं छोटं घर, समोर बंदर. सुरुवातीची काही वर्षं त्या पुस्तकातले तीन दिवस निवडून पेन्सिलीने गणित करून बघायच्या. आठवड्याने पत्र यायचं, “तिन्ही बरोबर.” एका वर्षी पत्रात लिहून आलं, “यंदा तपासलं नाही. तुम्ही चुकतच नाही, मजा येत नाही.”

धाकटी पंचावन्नची झाली त्या वर्षी कचेरीत उचलून नेता येणारा संगणक आला. चांगला सात-आठ किलोचा, पण पिशवीत घालता येणारा. तिने तो सुट्टीच्या दिवशी परवानगी काढून घेतला आणि टेकडी चढली. दमली. भाचीने दार उघडलं.

“मावशी, कोण आलंय बघा. आणि काय घेऊन आलंय!”

मोठ्या बाई ब्याऐंशीच्या होत्या. पाठ वाकली होती, डोळे तेच. त्यांनी डबा उघडून पडदा उभा केलेला बघितला, सगळीकडून निरखला.

“ते सत्तावन्न खोक्यांतलं सगळं यात आहे?”

“त्याहून जास्त, बाई. कुठला दिवस काढू? पुढच्या वर्षीचा? दहा वर्षांनंतरचा?”

मोठ्या बाई जरा ओशाळ्यासारखं हसल्या. धाकटीने त्यांना असं हसताना कधी बघितलं नव्हतं.

“मागचा काढता येतो?”

“येतो की. किती मागचा?”

“ब्याऐंशी वर्षं. माझ्या जन्माचा.” त्यांनी तारीख सांगितली. “दुपारी साडेतीन. आई म्हणायची, तू भर भरतीला झालीस, म्हणून तुला कशाची भीती नाही. तीस वर्षं आकडे मोडले, पण कचेरीच्या वेळात स्वतःचं गणित कसं करणार? आणि घरी हँडल कुठलं? मनात मात्र कायम होतं.”

धाकटीने तारीख घातली. मग एकेक आकडा पुन्हा तपासला. कळ दाबली. आकडे लागलीच आले. तिने ते दोनदा वाचले.

“काय म्हणतंय?”

“बाई, तेव्हा बंदर इतकं खोल नव्हतं. पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे होणार…”

“धाकटे, आकडा सांग.”

“भरती पावणेदहाला होऊन गेली होती. साडेतीनला पाणी अगदी खाली. ओहोटी.”

मोठ्या बाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की ठसका लागला आणि भाची पाणी घेऊन धावत आली.

“ऐकलंस का गं? ओहोटीची निघाले मी! ब्याऐंशी वर्षं भरतीच्या तोऱ्यात काढली!” त्यांनी डोळे पुसले. “आईला तरी काय दिसणार म्हणा. खिडकी रस्त्याकडे होती. कुणी सुईण बोलली असेल आणि आईने तेच धरून ठेवलं. बरं झालं आधी कळलं नाही.”

“नाहीतर काय केलं असतंत?”

“त्या संचालकांसमोर तोंड उघडलं नसतं.”

मग त्यांना चेव चढला. हजेरीपत्रक वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होतं, आठहीजणींच्या जन्मतारखा तोंडपाठ. वेळा ठाऊक नव्हत्या, पण म्हणाल्या, नसू देत, दिवस तर कळेल. हसरीचा दिवस निघाला तो वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या भरतीचा. “तरीच एवढी खिदळायची,” मोठ्या बाई म्हणाल्या. नवरा आजारी असलेलीचा दिवस असा की पाणी धड चढलंही नाही आणि धड उतरलंही नाही. ती जाऊन सहा वर्षं झाली होती. धाकटीचा स्वतःचा दिवस निघाला, तिच्या आईने सांगितलेली वेळही घातली. पाणी नुकतंच वळलं होतं, चढायला लागून दहा मिनिटं झाली होती.

“आता त्या दिवेवाल्याचा,” मोठ्या बाई म्हणाल्या. “त्याची तारीख?”

“ती नाही ठाऊक.”

“मग फोन लाव. भाचीबाई, ती फोन नंबरांची वही आण गं.”

फोन बऱ्याच वेळाने उचलला गेला. पलीकडचा आवाज म्हातारा झाला होता, पण ओळखू येत होता. धाकटीने सगळं सांगितलं.

“धाकट्या बाई,” दिवेवाला म्हणाला, “अहो, मी डोंगरात जन्मलो. आमच्याकडे समुद्र बघायला दीड दिवस लागतो.”

तिने रिसीव्हरवर हात ठेवून मोठ्या बाईंना ते सांगितलं. मोठ्या बाईंनी रिसीव्हरच काढून घेतला.

“तारीख सांगा तुम्ही,” त्या म्हणाल्या. “आपल्याच बंदराची भरती काढते.”

आणि खुर्ची पडद्याजवळ ओढून त्यांनी एका बोटाने, एकेक आकडा मोठ्याने म्हणत, तारीख घालायला सुरुवात केली.